बुऱ्हाणपुरात दोन दिवस काढण्यासारखं काय आहे?

प्रश्न असा आहे: "जळगावला लग्नाला येतोय, मधे दोन दिवस मोकळे आहेत. बुऱ्हाणपूर जवळ आहे म्हणतात. पण जाऊन आलेले सांगतात, अर्ध्या दिवसात उरकतं. इतिहास आणि खाणं दोन्हींची आवड आहे. जावं का, आणि कसं बघावं?"

अर्ध्या दिवसात उरकतं असं सांगणारे कोण, ते मला नाव न घेता कळलं. आमचे साडू नसतील तर त्यांच्याच जातकुळीतले कुणीतरी असणार. म्हणूनच लिहायला बसलो.

मी भुसावळचा. सगळी नोकरी रेल्वेत झाली. खंडव्याकडे जाणारी प्रत्येक गाडी बुऱ्हाणपुरावरून जाते आणि पन्नाशी उलटेपर्यंत मी ते गाव फक्त फलाटावरून पाहिलं होतं. चहा घ्यायचा, केळीच्या वॅगन बघायच्या, पुढे. याची लाज वाटते, पण खरं तेच.

आठेक वर्षांपूर्वी दिवाळीनंतर साडू पुण्याहून नवी गाडी घेऊन आले. त्यांना आम्ही भाऊ म्हणतो, मोठे आहेत. माणूस व्यवस्थित. खिशात छापील यादी होती: शाही किल्ला, हमाम, जामा मशीद, कुंडी भंडारा, दर्गा-ए-हकीमी, गुरुद्वारा, राजा जयसिंहाची छत्री, मावा जिलेबी. प्रत्येकापुढे वेळ लिहिलेली. जिलेबीला पंधरा मिनिटं. बायका मागे, आम्ही दोघं पुढे, आणि सकाळी नऊला किल्ल्याच्या दारात एक गाईड ठरवला.

हमामात गाईडने छताकडे बोट केलं. रंग उडालेली वेलबुट्टी आहे, सुंदर आहे. त्यातलं एक इमारतीसारखं चित्र दाखवून म्हणाला, "ये देखिए, ताजमहल का पहला नक्शा." भाऊंनी फोटो काढला. मी म्हटलं, कशावरून? मुमताज याच गावात वारली, १६३१ च्या जूनमध्ये, चौदाव्या बाळंतपणात, हे खरं. तिला आधी इथेच नदीपलीकडे पुरलं आणि सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेलं, हेही खरं. पण छतावरचं एक बोटभर चित्र पाहून कुणी ताजमहाल बांधत नाही. गाईड हसला. भाऊ म्हणाले, "तू प्रत्येक ठिकाणी परीक्षा घेणार आहेस का?"

तिथून जे बिनसलं ते बिनसलंच.

जामा मशिदीत मी मुद्दाम मागे राहिलो. फारुकी घराण्यातल्या आदिलशाहाची ही मशीद. हा विजापूरचा आदिलशहा नव्हे, हा खानदेशचा राजा. भर बाजारात असूनही आत शिरलात की कमानींच्या रांगांत बाहेरचा गोंगाट मरतो. तिथल्या एका वयस्कर माणसाने मला हाताला धरून आतल्या भिंतीपाशी एका टोकाला नेलं आणि मोबाईलचा उजेड पाडला. वर अरबी, आणि त्याच्या खाली, डोळे चोळून पाहावं असं, देवनागरी. मशिदीच्या भिंतीवर संस्कृत शिलालेख! सुरुवात सृष्टिकर्त्याला नमस्कार करून, पुढे राजाची वंशावळ, आणि तारीख आपल्या पंचांगासारखी: संवत १६४६, शके १५११. म्हणजे १५८९-९०. मी एकेक अक्षर जुळवत होतो. 'शके' हा शब्द सापडला तेव्हा अंगावर काटा आला, कारण शके म्हटलं की मला घरातलं कालनिर्णय दिसतं. तेवढ्यात बाहेरून हॉर्न. एकदा, दोनदा, मग हात दाबूनच धरलेला.

गाडीत बसलो आणि सांगायला लागलो तर भाऊ म्हणाले, "पाटी वाचायला पुण्याहून आलो नाही मी. गाईड सांगतो ना सगळं." त्या गाईडने संस्कृतचं नावही काढलं नव्हतं. अकबराने १६०१ ला फारुकींकडून असीरगड घेतल्यावर त्याचाही फारसी लेख याच मशिदीत कोरवला, तेही नाही. एकाच इमारतीत हरलेल्या घराण्यातला राजा आणि जिंकलेला बादशहा दोघांची अक्षरं, आणि आमचा मुक्काम बारा मिनिटं.

कुंडी भंडाऱ्याला, म्हणजे जुन्या भुयारी पाटापाशी, पोचलो तर खाली उतरायची लिफ्ट बंद. भाऊंनी वरून विहिरीत डोकावून यादीवर खूण केली.

जिलेबीच्या दुकानात मात्र मीच घसरलो, ते सांगितलं पाहिजे. कढईसमोर उभं राहून मी जरा मोठ्यानेच भाऊंना ऐकवत होतो की संभाजी महाराजांनी १६८१ ला बुऱ्हाणपूरवर झडप घातली, हंबीरराव मोहिते बरोबर होते, बहादूरपुरा तीन दिवस धुऊन काढला, आणि मुघलांना शहराचे दरवाजे लावून आत बसायची वेळ आली. दुकानदार झारा हलवता हलवता शुद्ध मराठीत म्हणाला, "मागल्या खेपेला फुकट नेलं तुम्ही. या खेपेला पैसे द्या." सगळं दुकान हसलं. भाऊ सगळ्यात जास्त. तो किस्सा ते दर दिवाळीला सांगतात, आणि मी काय सांगत होतो तेवढं गाळून सांगतात.

जिलेबी म्हणाल तर आपली पिवळी कुरकुरीत नव्हे. खवा आणि अरारूट मळून केलेली, जाड, गुलाबजामच्या रंगाची, पाकात मुरलेली. एक पुरते. दोन खाल्ल्या तर जेवण विसरा. समोर कढईतून निघते तीच खायची, बांधून आणलेलीत तो प्रकार राहत नाही. दराबाही घ्या. रवा, साखर आणि तूप फेटून फेटून इतकं हलकं करतात की चमच्याखाली हवा लागते. खानदेशी लग्नात खाल्लेल्या दराब्याशी ताडून बघा.

शेवटी छत्री, म्हणजे स्मारक. मिर्झाराजा जयसिंहाचं. मी म्हटलं, पुरंदरचा तह ज्याने करायला लावला, तेवीस किल्ले ज्याने घेतले, त्याची छत्री बघायला मी उतरणार नाही. भाऊ आणि दोघी बहिणी उतरून गेल्या. मी सीट मागे करून डोळे मिटून पडलो. भुसावळ येईपर्यंत आम्ही बोललो नाही. दारात भाऊ एवढंच म्हणाले, "झालं तुझं बुऱ्हाणपूर. अर्ध्या दिवसात उरकतं."

पुढच्याच महिन्यात मी एकटा गेलो. सकाळच्या गाडीने, डबा घेऊन, यादी न घेता. एकच प्रश्न घेऊन गेलो होतो: या गावाला बुऱ्हाणपूर का म्हणतात? गाईडने पहिल्या खेपेला एका वाक्यात सांगितलं होतं, "बुरहानुद्दीन औलिया के नाम से." ते कुठे आहेत विचारलं तर म्हणाला, "दौलताबाद साइड."

दौलताबाद साइड म्हणजे खुलताबाद! भद्रा मारुतीला मी दहा वेळा तरी गेलो असेन. त्याच गावात सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांची कबर आहे, ते १३३७ ला गेले. आणि त्यांचे शिष्य जैनुद्दीनही तिथेच. आता तापीच्या काठावर उभे राहा. अलीकडे बुऱ्हाणपूर, पलीकडे जैनाबाद. गुरू या काठाला, शिष्य त्या काठाला. कथा अशी सांगतात की फारुकी राजा नासिरखानाकडून जैनुद्दीनांनी दुसरं काही न घेता एवढंच मागितलं: शहराला माझ्या गुरूंचं नाव दे आणि समोरच्या वस्तीला माझं. तारखा ताडायला बसलात तर कथा लंगडते, कारण जैनुद्दीन १३६९ ला गेले आणि नासिरखान गादीवर आला १३९९ ला. पण नावं तर दोन्ही काठांवर आहेतच.

मी रिक्षा करून जैनाबादला गेलो. आहूखाना म्हणजे हरणांची बाग. आता पडक्या भिंती, गवत, बकऱ्या. मुमताजला आधी ठेवलं ते इथेच. आणि औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना हिराबाई त्याला दिसली तीही याच बागेत, असं सांगतात. तिला इतिहासात जैनाबादी म्हणूनच ओळखतात. आता पुढचं बघा: तोच औरंगजेब १७०७ ला मेला आणि त्याला पुरलं खुलताबादला, याच जैनुद्दीनांच्या दर्ग्याच्या आवारात. ज्यांच्या नावाच्या वस्तीत जीव जडला, त्यांच्याच पायाशी माती. त्या गवतात बसून मी भाकरी खाल्ली आणि म्हटलं, हे भाऊंच्या यादीत कुठे बसवायचं? यादीत जैनाबाद नव्हतंच.

तेव्हा लिफ्ट चालू होती, कुंडी भंडाऱ्यातही उतरलो. खाली पाय टाकलात की गार पाणी घोट्यावर येतं. बोगदा माणूस जेमतेम जाईल एवढा, भिंतीवर चुन्याचे पांढरे थर चढलेले, आणि दर थोड्या अंतरावर वरून उजेडाचा एक गोल पडलेला. तो गोल म्हणजे वरची कुंडी. अशा शंभराच्या आसपास कुंड्या एका ओळीत. सातपुड्याच्या उतारावरून मुरणारं पाणी जमिनीखालून नुसत्या उताराने गावापर्यंत आणलं आहे, मोट नाही, पंप नाही. इराणात असे भुयारी पाट असतात, त्याच पद्धतीचे. १६१५ च्या सुमारास अब्दुल रहीम खानखानाने हे करवलं. शाळेत ज्यांचे दोहे पाठ केले तेच हे रहीम. आणि एवढं पाणी लागलं कशाला? उत्तरेकडून दख्खनमध्ये उतरायचं तर सातपुड्यातली वाट असीरगडापाशी, आणि उतरलं की पुढ्यात तापी. मुघलांची दख्खनची सगळी मोहीम याच काठावर तळ टाकून चालायची. माणसं, घोडे, हत्ती, उंट, सगळ्यांना रोज पाणी हवं. त्याच १६१५ ला इंग्रजांचा वकील टॉमस रो सुरतेहून अजमेरला जाताना इथे शाहजादा परवेजला भेटून गेला. हे आड बाजूचं गाव नव्हतं. आपण ते आड बाजूला टाकलं.

तर दोन दिवस. जा. स्टेशन गावापासून लांब, लालबागच्या बाजूला आहे. कुंडी भंडाराही त्याच अंगाला, म्हणून उतरल्या उतरल्या आधी तो करा, परत उलटं यावं लागत नाही. लिफ्ट चालू आहे का हे रिक्षावाल्याला आधी विचारा, आणि पायात भिजली तरी चालेल अशी चप्पल ठेवा. मशीद नमाजाच्या वेळा सोडून, आणि शुक्रवारी दुपारी नको. जैनाबाद संध्याकाळी उशिरा नको. दुसरा दिवस पूर्ण असीरगडाला ठेवा. खंडव्याच्या रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर आहे आणि त्याला दख्खनचा दरवाजा म्हणायचे ते का, हे वर चढल्यावरच कळतं. गडाबद्दल वेगळं लिहायला हवं, इथे नको. राहायचं कुठे ते मला विचारू नका, मी रात्री भुसावळला परत येतो.

गाईड करू नका असं वर ध्वनित झालं असेल तर तेवढं खरं नाही. मशिदीतला तो म्हातारा माणूस नसता तर लेख मला दिसलाच नसता. फक्त सकाळी नऊला सगळ्या गावाचा ठेका एका माणसाला देऊ नका. लहान मुलं बरोबर असतील तर माझं काही ऐकू नका, यादीच बरी. आणि उन्हाळ्यात जाऊच नका, आमच्याकडचं मे महिन्याचं ऊन तुम्हाला सोसायचं नाही.

अजून एक. त्या दुसऱ्या खेपेला मी छत्रीवरही गेलो. गावाबाहेर नदीकाठी आहे, वाट विचारत जावं लागतं. जाण्याआधी थोडं वाचलं होतं. १६६५ ला तह, १६६६ ला महाराज आग्र्याहून निसटले, आणि त्याचं खापर मिर्झाराजांवर फुटलं. दख्खनची सुभेदारी काढून घेतली, परत बोलावलं, आणि परतीच्या वाटेवर याच गावात १६६७ ला ते गेले. आमच्या महाराजांच्या एका पेटाऱ्याने ज्याचं आयुष्य उलटवलं तो माणूस, आपल्या आमेरपासून इतक्या लांब. तिथे मी तासभर होतो. शेजारच्या शेतात केळीला पाणी चाललं होतं, दुसरं कुणी नव्हतं.

हे उत्तर कुणीतरी भाऊंना पाठवेलच. भाऊ, त्या दिवशी छत्रीपाशी गाडीत मी झोपलो नव्हतो. तुम्ही दहा मिनिटं लिहिली होती आणि पाऊण तास आला नाहीत, मी घड्याळ बघत होतो. तिथे एवढं काय बघत होता, ते मात्र तुम्ही कधी सांगितलं नाहीत.