निळूभाऊंचं नेमकं काय बघू?

प्रश्न : आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला दरवर्षी कुणीतरी 'बाई, वाड्यावर या' करतंच आणि हशा पिकतो, मीही हसायचे. परवा बाबा म्हणाले, निळू फुले म्हणजे एवढंच नाही गं. मग सुरुवात कुठून करू? तुमच्या आवडीचे दोन-तीन रोल सांगा ना.
– एक वाचक, एसवाय बीए

उत्तर : बाबा बरोबर बोलले. मिमिक्रीवाल्यांना त्यांचा तो घोगरा आवाज सापडतो, पण समोरचा बोलत असताना निळूभाऊ ऐकायचे कसे ते कुणालाच करता येत नाही, आणि माझ्या मते त्यांची खरी ताकद तिथेच होती.

'सामना'पासून सुरू कर. विजय तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला सिनेमा. निळूभाऊ त्यात हिंदुराव धोंडे पाटील, सहकारातलं बडं प्रस्थ, आणि समोर डॉ. श्रीराम लागू म्हणजे दारूत बुडालेला मास्तर. मास्तर सारखा विचारत राहतो, मारुती कांबळेचं काय झालं? त्या वेळी लागूंकडे बघू नकोस (अवघड आहे, माहितीये), हिंदुरावाकडे बघ. पहिल्यांदा तो प्रश्न झटकून टाकतो, पाहुण्याचं बोलणं म्हणून, मग हळूहळू तोच प्रश्न त्याच्या घरात मुक्कामाला आल्यासारखा होतो, पापण्या अर्ध्या मिटलेल्या, आवाज अजिबात चढत नाही, तरी आपल्याला कळतं की आत काहीतरी हललंय. खलनायक ओरडला नाही की जास्त भीती वाटते, हे मला तिथे कळलं.

लगेच दुसऱ्या दिवशी 'सिंहासन' बघ, १९७९ चा, अरुण साधूंच्या कादंबऱ्यांवरचा. इथे निळूभाऊ पत्रकार दिगू टिपणीस. मंत्री, कामगार पुढारी, सत्तेची सगळी ओढाताण त्याच्या डोळ्यांसमोर चाललेली आणि तो बघतोय, ऐकतोय, बस्स. हिंदुरावाचाच चेहरा, पण इथे तो किती थकलेला आणि सज्जन दिसतो! शेवटी दिगूला वेड लागतं, तो हसत सुटतो, ते हसू मला अजून बघवत नाही. मी हा सिनेमा चार-पाच वेळा पाहिलाय आणि दर वेळी शेवटाला उठून आत गेलोय.

हिंदीत 'सारांश' (१९८४). गजानन चित्रे, पुढारी. पोरामुळे प्रधान नावाच्या म्हाताऱ्या जोडप्याकडे भाड्याने राहणाऱ्या मुलीला दिवस गेलेत आणि बाप ते मिटवायला निघालाय. रोल लहान आहे पण त्या जोडप्याभोवती त्याची दहशत पुरून उरते.

'सखाराम बाइंडर' मात्र आपल्या नशिबात नाही, ते १९७२ चं नाटक, ज्यांनी स्टेजवर पाहिलं त्यांच्याकडून ऐकायचं. बाबांच्या ओळखीत कुणी असेल तर जरूर विचार.

आता थोडं घरचं सांगतो. टीव्हीवर निळूभाऊ दिसले की माझी आजी कडाकडा बोटं मोडायची, 'मेला, बघवत नाही' म्हणायची. एकदा मामाने तिला सांगितलं की हा माणूस राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलाय, आधी पुण्यात आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात माळीकाम करायचा, अंधश्रद्धेविरुद्ध बोलतो, सामाजिक कृतज्ञता निधीसाठी लागूंबरोबर नाटकाचे प्रयोग करतो. आजीला पटेचना. 'मग असा कसा वागतो रे?' एवढंच म्हणाली. १३ जुलै २००९ ला निळूभाऊ गेल्याची बातमी लागली तेव्हा तिने टीव्हीचा आवाज मोठा करायला सांगितला आणि शेवटपर्यंत पदर डोळ्यांना लावून बसली.

तर 'सामना' आधी. मोबाईलवर नको, मोठ्या स्क्रीनवर बघ, आणि बाबांना शेजारी बसव.