पत्त्याची नोंदणी होत नसेल तर ती खोली घेऊ नका: ग्रोनिंगेनमधील एका सत्राचा अनुभव

तुम्ही लिहिले आहे की सप्टेंबर ते जानेवारी या सत्रासाठी विद्यार्थी देवाणघेवाण कार्यक्रमातून तुमची नेदरलँड्समधील ग्रोनिंगेनला निवड झाली आहे, विद्यापीठामार्फत मिळणाऱ्या खोल्यांसाठी अर्ज करण्याची मुदत हुकली आहे, आणि आता शहराच्या मध्यवस्तीत एक स्वस्त खोली मिळते आहे. अट एवढीच की त्या पत्त्यावर तुमच्या नावाची नगरपालिकेत नोंदणी करता येणार नाही. ‘पाचच महिन्यांचा प्रश्न आहे, तर घ्यावी का?’ असे तुम्ही विचारले आहे. माझे उत्तर आहे, घेऊ नका. 2018 च्या जुलैमध्ये ‘पाचच महिन्यांचा प्रश्न आहे’ हेच शब्द स्वतःशी म्हणत मी अशीच खोली घेतली होती, आणि त्या एका निर्णयाची किंमत मी जवळजवळ संपूर्ण सत्र मोजली.

व्हिसा, विमा, तिकिटे आणि थंडीचे कपडे यांविषयी येथे लिहीत नाही. यजमान विद्यापीठाच्या पत्रांत ते सारे व्यवस्थित सांगितलेले असते. मी कायद्याची जाणकार नाही आणि माझ्या अनुभवाला काही वर्षे लोटली आहेत, म्हणून नियमांविषयी मी जे लिहिते आहे ते जाण्यापूर्वी यजमान विद्यापीठाकडून एकदा पडताळून घ्या. मात्र नोंदणीविषयीचा माझा सल्ला आजही तोच आहे.

माझी मुदत का हुकली ते आधी सांगते, कारण तुमच्या लिहिण्यावरून तुमचेही तसेच झाले असावे असे वाटते. आपल्याकडच्या वसतिगृहांसारखी वसतिगृहे डच विद्यापीठे सहसा स्वतः चालवत नाहीत. विद्यार्थ्यांच्या खोल्या स्वतंत्र गृहनिर्माण संस्थांच्या ताब्यात असतात, विद्यापीठ त्यांच्याकडे काही खोल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवते, आणि अर्ज खुले झाले की त्या भराभर संपतात. त्याविषयीचे पत्र आमच्या महाविद्यालयाच्या परदेश विभागाकडे मे महिन्यात आले होते. त्या विभागाने ते आम्हा दोन विद्यार्थ्यांना तीन आठवड्यांनी पाठवले, वर एक ओळ होती: ‘माहितीस्तव’. तोपर्यंत एकही खोली शिल्लक नव्हती. मी प्रत्यक्ष जाऊन विचारले तेव्हा ‘राहण्याची व्यवस्था विद्यार्थ्याने स्वतःच करायची असते’ असे उत्तर मिळाले, आणि यजमान विद्यापीठाला आमच्या वतीने चार ओळी लिहा ही विनंतीही कोणी मनावर घेतली नाही. इतक्या वर्षांनंतरही हे लिहिताना मला राग येतो. एका विद्यार्थ्याच्या घरचे लोक कर्ज काढून त्याला परदेशी पाठवतात, आणि एक पत्र वेळेवर पुढे पाठवण्याइतकीही काळजी घेतली जात नाही, हे मला क्षम्य वाटत नाही. म्हणून आता ज्यांची निवड होईल त्यांनी आपल्या महाविद्यालयाच्या भरवशावर न राहता यजमान विद्यापीठाच्या देवाणघेवाण समन्वयकाला स्वतः पत्र लिहावे आणि निवासाचे अर्ज कोणत्या दिवशी खुले होतात ते विचारून ठेवावे.

त्या वर्षी ग्रोनिंगेनमध्ये खोल्यांची टंचाई एवढी होती की सत्राच्या आरंभी परदेशी विद्यार्थ्यांसाठी तात्पुरते तंबू उभारावे लागले होते. अशा वेळी मला फेसबुकवर एका विद्यार्थ्याची खोली मिळाली. तो सहा महिने दुसऱ्या शहरात जाणार होता आणि आपली खोली मला देणार होता. म्हणजे मी त्याची पोटभाडेकरू. खोली खरी होती, भाडे वाजवी होते, मुलगाही सज्जन होता. फसवणूक झाली नाही, आणि म्हणूनच मी निर्धास्त राहिले. नोंदणी का करता येणार नाही हे मी विचारलेसुद्धा नाही.

त्याची कारणे मला नंतर कळली आणि ती तुम्हाला आधी ठाऊक असावीत. गृहनिर्माण संस्थेची खोली असेल तर संस्थेच्या परवानगीवाचून पोटभाडेकरू ठेवण्यास बहुधा मनाई असते, आणि त्या पत्त्यावर दुसरे नाव चढले की गोष्ट उघड होते. काही भाडेकरूंना सरकारकडून भाड्यासाठी अनुदान मिळते आणि घरात आणखी एक व्यक्ती नोंदली गेली तर त्यावर परिणाम होऊ शकतो. काही घरमालकांकडे इतक्या जणांना खोल्या देण्याचा नगरपालिकेचा परवानाच नसतो. कारण यांपैकी कोणतेही असले तरी त्याचा अर्थ एकच निघतो, की तुमचे तेथे राहणे कोणापासून तरी लपवायचे आहे.

आता नोंदणीवाचून काय अडते ते पाहा. नेदरलँड्समध्ये चार महिन्यांहून अधिक राहणाऱ्या व्यक्तीने पोहोचल्यावर पाच दिवसांच्या आत स्थानिक नगरपालिकेत, म्हणजे तिकडच्या ‘खेमेंटे’त, आपला पत्ता नोंदवावा असा नियम आहे. तुमचे सत्र पाच महिन्यांचे आहे, म्हणजे तो तुम्हाला लागू होतो. ही नोंदणी टाळणाऱ्याला 325 युरोंपर्यंत दंड होऊ शकतो. पण दंडाची भीती मी दुय्यम मानते. नोंदणी झाली की बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो. तो क्रमांक नसेल तर बँकेत खाते उघडणे अवघड होते आणि अर्धवेळ काम मिळत नाही. माझ्या बाबतीत सर्वांत जड गेली ती पुढची गोष्ट. निवास परवान्यासाठी निर्वाहाची रक्कम दाखवावी लागते म्हणून वडिलांनी चार हजारांहून अधिक युरो यजमान विद्यापीठाच्या खात्यात आधीच भरले होते. ती रक्कम मला परत मिळायची होती, पण ती जमा व्हायची होती माझ्या डच बँक खात्यात. पत्ता नाही म्हणून क्रमांक नाही, क्रमांक नाही म्हणून खाते नाही, आणि खाते नाही म्हणून आमचेच पैसे आम्हाला मिळत नाहीत, अशा कोंडीत मी सप्टेंबरचा पहिला आठवडा सुरू होण्यापूर्वीच सापडले.

नगरपालिकेच्या खिडकीवरील बाई माझ्याशी अतिशय सौजन्याने वागल्या. त्यांनी भाडेकरार किंवा त्या घरात नोंदलेल्या मुख्य रहिवाशाचे संमतिपत्र मागितले. माझ्याकडे दोन्ही नव्हते. होते ते केवळ फेसबुकवरचे संभाषण. येथे एक बारकावा नीट समजून घ्या. माणूस जेथे प्रत्यक्ष राहतो तेथेच त्याची नोंद व्हावी हा तिकडच्या कायद्याचा हेतू आहे, आणि ‘येथे नोंदणी करू नये’ असे घरमालकाने म्हटल्याने तुमचे ते कर्तव्य संपत नाही. तुमच्या नावाचा लेखी करार असेल तर मालकाची नाराजी पत्करूनही नोंदणीसाठी जाता येते. मला हे एका वरिष्ठ विद्यार्थिनीने सांगितलेही होते. पण करार मिळवून तसे केले असते तरी त्या मुलाची खोली गेली असती आणि तिच्याबरोबर माझे छप्परही. ‘आधी राहायला जाऊ, मग बघून घेऊ’ असा सल्ला देणारे तुम्हाला भेटतील. परक्या शहरात, पावसाळी सप्टेंबरात, राहत्या घराशी भांडण मांडण्याची ताकद किती जणांपाशी असते याचा विचार ते करत नाहीत.

पुढचे दोन महिने मी फॉरेक्स कार्डावरच्या, म्हणजे भारतातून परकीय चलन भरून नेलेल्या कार्डावरच्या, पैशांवर काढले. ते पैसे अडीअडचणीसाठी ठेवलेले होते. आईने दोनदा आणखी पैसे भरले, आणि प्रत्येक वेळी विनिमय दर व शुल्क यांत काही रक्कम गेली. घरी खरे कारण मी पहिल्या महिन्यात सांगितले नाही, ही माझी दुसरी चूक होती; आधी सांगितले असते तर वडिलांनी तेव्हाच ती खोली सोडायला लावली असती.

अखेर ऑक्टोबरच्या शेवटी ग्रोनिंगेनच्या दक्षिणेला असलेल्या हारेन या गावात एका आजींच्या घरी खोली मिळाली. हारेन तेव्हा स्वतंत्र नगरपालिका होती. 1 जानेवारी 2019 रोजी ती ग्रोनिंगेनमध्ये विलीन झाली. भाडे आधीच्या खोलीपेक्षा जवळजवळ शंभर युरोंनी जास्त होते आणि शहराच्या उत्तर टोकाला असलेल्या झेर्निके संकुलात वर्गाला जायचे म्हणजे संपूर्ण शहर ओलांडून सायकल चालवावी लागे. पण आजींनी पहिल्याच भेटीत स्वतःहून विचारले, ‘नोंदणीसाठी कधी जायचे?’ ते ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. नोंदणी झाली, क्रमांक आला, खाते उघडले आणि रक्कम हाती पडली तोवर डिसेंबर उजाडला होता.

पैशांपेक्षा मोठे नुकसान अभ्यासात झाले. तिकडे एका सत्राचा पूर्ण भार 30 ईसीटीएस गुणांकांचा (युरोपातील विद्यापीठांत अभ्यास मोजण्याचे सामायिक एकक) असतो आणि एका गुणांकामागे 28 तासांचा अभ्यास धरलेला असतो. त्यात वर्गाबाहेरचे वाचन आणि लेखन मोठे असते. शिवाय ग्रोनिंगेनमध्ये सत्राचे दोन भाग पडतात आणि पहिल्या भागाच्या परीक्षा ऑक्टोबरअखेर सुरू होतात. नेमके तेच दिवस मी खोल्या पाहण्यात आणि पत्रे लिहिण्यात घालवले. दहापैकी साडेपाचला उत्तीर्ण होता येते, मला एका विषयात पाच मिळाले. 30 ऐवजी 25 गुणांक घेऊन परतल्यावर आमच्या त्याच परदेश विभागाने हात वर केले, आणि तो विषय मला पुढच्या वर्षी येथे पुन्हा द्यावा लागला. तुमच्या अभ्यास करारात, म्हणजे तिकडे कोणते विषय घ्यायचे हे ठरवणाऱ्या कागदात, एखादा विषय बदलला तर दोन्ही विद्यापीठांची स्वाक्षरी त्याच आठवड्यात घ्या, आणि एखादा विषय राहिला तर काय होईल हे निघण्यापूर्वी आपल्या विभागप्रमुखांकडून लेखी घ्या. तोंडी आश्वासनांवर मी आता विश्वास ठेवत नाही.

आता तुम्ही काय करावे. सध्याच्या खोलीच्या मालकाला एकच स्पष्ट प्रश्न लिहून पाठवा: ‘माझ्या नावाचा लेखी करार मिळेल का, आणि त्या पत्त्यावर मला नगरपालिकेत नोंदणी करता येईल का?’ उत्तर गोलमोल आले तर ते नकारार्थीच समजा. जाहिरात डच भाषेत असेल तर ‘इनस्ख्रायव्हिंग’ म्हणजे नोंदणी आणि ‘नीट मोखलक’ म्हणजे शक्य नाही, एवढे दोन शब्दप्रयोग ओळखता आले पाहिजेत. शोध शहरापुरता ठेवू नका. हारेनसारखी जवळची वस्ती, किंवा रेल्वेने जोडलेले आसेन, येथेही पाहा. एखाद्या कुटुंबाच्या घरातील खोलीला कमी लेखू नका. मला तरी त्यातच सर्वांत अधिक आधार मिळाला. यजमान विद्यापीठाच्या समन्वयकाला आजच लिहा आणि निवासाच्या प्रतीक्षा यादीत नाव घालण्याची विनंती करा, कारण ऑगस्टमध्ये काही विद्यार्थी येणे रद्द करतात आणि खोल्या मोकळ्या होतात. माझ्या बरोबरीच्या विद्यार्थ्याला अशीच खोली मिळाली. मी मात्र तोवर पोटभाड्याची खोली पक्की केली होती.

खोली न पाहता पैसे भरू नका. तुम्हाला जाता येत नसेल तर तेथे असलेल्या कोणाला तरी पाठवा. पासपोर्टची प्रत मागितली तर त्यावरील क्रमांक झाकून आणि ती कशासाठी दिली आहे ते प्रतीवर लिहूनच द्या. त्यासाठी डच सरकारचे ‘कोपीआयडी’ नावाचे ॲप आहे. आमच्या वेळी नसलेली एक सोय आता आहे: 1 जुलै 2023 पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अनामत रक्कम दोन महिन्यांच्या मूळ भाड्याहून अधिक मागता येत नाही, आणि घरमालकाविरुद्धची तक्रार नगरपालिकेकडे करता येते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या लोकांना हमखास अडवते. नोंदणीच्या वेळी जन्माचा दाखला मागितला जाऊ शकतो आणि त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागदपत्र परदेशात ग्राह्य धरले जावे म्हणून केलेले सरकारी प्रमाणीकरण, असणे आवश्यक ठरू शकते. प्रत्येक नगरपालिकेची पद्धत थोडी वेगळी असते, म्हणून आधी विचारा. आपल्याकडच्या जुन्या दाखल्यांत बाळाच्या नावाचा रकाना पुष्कळदा कोराच असतो, कारण नोंद बारशाआधी झालेली असते. माझा दाखला असाच होता आणि आमच्या नगरपरिषदेतून नाव चढवून घेण्यातच दीड महिना गेला. आज घरी गेल्यावर तो दाखला काढून पाहा. नाव नसेल तर खोली शोधण्याबरोबरच ते काम सुरू करा, कारण त्यानंतर राज्य शासनाचे साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचे अपॉस्टिल, असा क्रम असतो आणि प्रत्येक टप्प्याला वेळ लागतो.

जानेवारीअखेर निघताना त्याच नगरपालिकेत नाव कमी करून घ्यायला विसरू नका. ते शेवटच्या पाच दिवसांत करता येते. बँकेचे खाते मात्र अनामत रक्कम परत येईपर्यंत बंद करू नका. माझी मार्चमध्ये आली.

मालकाचे उत्तर आले की येथे लिहा. करार पाठवला असेल तर नाव-पत्ता झाकून त्यातील नोंदणीविषयीचे कलम टाका, मी वाचून सांगेन.