मोठ्या कृष्णधवल प्रिंटसाठी आधी कागद ठरवावा

फोंडा तालुक्यातील देवळांच्या दीपस्तंभांची कृष्णधवल छायाचित्रे 24 x 36 इंचांत मांडायची आहेत, त्यासाठी कोणता इंकजेट प्रिंटर घ्यावा, असे आपण विचारले आहे. मी आधी कागद ठरवीन.

चुन्याने रंगवलेला पांढरा दीपस्तंभ आणि मागे पावसाळी आभाळ किंवा ओल्या चिऱ्याची भिंत असेल, तर छायाचित्राचा सारा भार गडद छटांवर पडतो. हानेम्यूले फोटो रॅगसारख्या सुती मॅट कागदावर काळ्याची घनता (आकडा जितका मोठा, तितका काळा गडद) सुमारे 1.6 ते 1.7 पर्यंत जाते, तर बरायटा (बेरियम सल्फेट) लेपाच्या कागदावर ती 2.2 च्या पुढे जाऊ शकते. घनतेतला 0.6 चा फरक म्हणजे काळ्या भागावरून परतणारा प्रकाश जवळजवळ चौपट कमी. म्हणून ओल्या चिऱ्यांतले बारकावे दाखवायचे असतील तर मी बरायटा निवडीन. धुक्यातल्या, मऊ प्रकाशाच्या चित्रांना मात्र मॅट कागदच शोभतो, आणि चित्र काचेमागे जाणार असेल तर काचेवरच्या प्रतिबिंबांमुळे दोहोंतले अंतर बरेच मिटते. कागद फार शुभ्र दिसत असेल तर त्यात प्रकाशवर्धक रसायने आहेत का, हे विचारून घ्यावे, कारण ती कालांतराने निकामी होऊन पांढरेपणा पिवळसर होतो.

प्रिंटरच्या बाबतीत पाहण्याची गोष्ट म्हणजे करड्या शाया. एप्सन पी900 आणि कॅनन इमेजप्रोग्राफ प्रो-1000 या दोन्ही यंत्रांत काळ्याबरोबर दोन करड्या शाया आहेत, आणि एप्सनच्या ‘अॅडव्हान्स्ड ब्लॅक अँड व्हाइट’ पर्यायात करड्या छटा मुख्यतः त्यांतूनच घडतात. रंगीत शाया मिसळून करडा घडवला, तर तो एका प्रकाशात हिरवट आणि दुसऱ्यात जांभळट दिसण्याचा धोका असतो. मात्र ही दोन्ही यंत्रे 17 इंच रुंदीची आहेत. 24 x 36 साठी 24 इंची यंत्र लागते, आणि नेहमी मोठे काम नसेल तर ते घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. रंगद्रव्याच्या शाईची यंत्रे पडून राहिली की नोझल (शाईची बारीक छिद्रे) चोंदतात आणि साफसफाईतच महागडी शाई संपते. घरी ए2 पर्यंत छापावे, आणि मोठे प्रिंट त्याच कागदावर छायाचित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळेकडून करून घ्यावेत. पूर्ण आकारातल्या एका पट्टीची चाचणी मात्र आधी मागावी. 24 मेगापिक्सेलची 6000 x 4000 ची फाइल 36 इंचांवर सुमारे 167 पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) देते, जे दोन मीटरांवरून पाहायला पुरेसे आहे, नाक लावून पाहायला नाही.

उरला गोव्याचा पावसाळा, ज्याचा उल्लेख परदेशी मार्गदर्शकांत सहसा नसतो. दमट हवेत कागदाच्या कडा उचलल्या जातात आणि शाई सोडणारे हेड त्यांना घासते. म्हणून कागद सिलिका जेलसह बंद पिशवीत ठेवावा, छपाईपुरताच बाहेर काढावा, आणि यंत्रात जाड कागदाची सेटिंग निवडून हेडचे अंतर वाढवावे. वीज गेली तर हेड उघडेच राहून सुकू शकते, तेव्हा यूपीएस हवाच. छापल्यावर निदान एक दिवस प्रिंट वाळू द्यावा, नाहीतर शाईतील द्रावकांची वाफ काचेच्या आतून धुरकट थर धरते. फ्रेममध्ये आम्लमुक्त माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) वापरून काच प्रिंटला टेकू देऊ नये, आणि फ्रेम ओल येणाऱ्या भिंतीवर टांगू नये.