पुन्हा विचार

प्रिय पोरी,

तुझा रविवारचा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला. एकदा दुकानात शटर अर्धं खाली ओढून, एकदा जेवताना आणि एकदा रात्री गच्चीवर. साडेसहा मिनिटांत तू चार वेळा म्हणालीस की फिल्मच्या संमतीच्या फॉर्मवर बाबांची सही आहे. त्या सहीचा खरंच भरवसा वाटत असता तर एकदाच म्हणाली असतीस.

तुझ्या फिल्ममध्ये बोललेल्या त्या म्हाताऱ्या बाबांनी पौषात होकार दिला होता. नाच्या म्हणून तमाशाच्या फडात काढलेली वर्षं, नऊवारी, पायांतले चाळ, आणि ज्यांच्याबरोबर एका खोलीत आयुष्य काढलं ते पेटीवाले, सगळं ते बोलले. आता श्रावण लागला. पुतण्याच्या मुलीची सोयरीक एरंडोलकडे जमायच्या बेतात आहे, आणि बाबा म्हणतात, पेटीवाल्यांचा भाग काढून टाक. फेस्टिव्हलला फिल्म पाठवायची तारीख वीस दिवसांवर आलीय. तुझे सर म्हणतात सही आहे ना, मग चेहरा ब्लर कर आणि पाठव.

पाठवू नकोस. आधी त्यांना पुन्हा विचार.

ब्लरचं म्हणशील तर आपल्याकडे माणूस नुसत्या चेहऱ्यावरून ओळखत नाहीत. चालीवरून ओळखतात, खोकल्यावरून ओळखतात, मागे दिसणाऱ्या निंबावरून आणि ओट्याच्या रंगावरून ओळखतात. बाबांची अहिराणी ऐकली की ते कुठल्या शिवाराचे, हे बाजारात भाजी विकणारी बाईसुद्धा सांगेल. पुण्याच्या हॉलमध्ये ब्लर चालून जाईल. पण फिल्म पुण्यात थोडीच राहणार आहे? ती मोबाइलवरून गावात येणार, आणि झाकलेला चेहरा दिसला की लोक जास्तच निरखून बघणार.

तू पाठवलेलं कच्चं फुटेज मी पूर्ण पाहिलं. केळीच्या खोक्यातून ते चाळ काढतात तो शॉट सुंदर आलाय. एकेक घुंगरू अंगठ्याने चाचपतात, हिरवट पडलेलं बाजूला सारतात आणि बोलत राहतात. पण सत्ताविसाव्या मिनिटाला नीट बघ. बाहेर मोटारसायकल थांबते. बाबांचं वाक्य अर्ध्यावर राहतं आणि डावा हात छातीवरच्या माइकवर जातो. पुतण्या आत येतो, माठातलं पाणी पितो, तुझ्याकडे बघून निघून जातो. हात माइकवर तसाच. मोटारसायकल लांब गेल्यावर मग बाबा हसतात आणि पुढचं बोलतात. तू आवाज खराब आला म्हणून एवढाच तुकडा कापलास. अगं, ते तिथेच तुला सांगत होते! सही पौषातली आहे, आणि तो हातही पौषातलाच आहे.

आता माझं ऐक. हे मी मे महिन्यात तुझ्या कॅमेऱ्यासमोर बोललो नव्हतो.

२ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञान माणसांचे राजीखुशीचे समलिंगी संबंध, ते गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमातून बाहेर काढले. मी तेव्हा लग्नाच्या सीडींवर नवरा-नवरीची नावं लिहीत बसलो होतो. लग्नसराई संपलेली, हातात स्वतःचा कॅमेरा, कपाटात मिनी डीव्हीच्या कोऱ्या कॅसेटी. पुढची दोन वर्षं भुसावळ-सुरत लाइनवर पॅसेंजरने फिरलो. धरणगाव, अमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार. अकरा माणसं माझ्याशी बोलली. त्यातला एक जिनिंगमध्ये गाठी उचलायचा. त्याने मलाच विचारलं, आता गुन्हा नाही ना? मग नाव पण लिही माझं. चहाचा कप खाली ठेवला, शर्टाची कॉलर सरळ केली आणि थेट कॅमेऱ्यात बघून बोलला.

११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेलं कलम जसंच्या तसं परत आलं. माझ्या लोखंडी पेटीतल्या अकरा मुलाखती एका दिवसात अकरा कबुलीजबाब होऊन बसल्या, आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी संतापलेलो होतो. दोन महिन्यांनी निषेधाच्या एका कार्यक्रमासाठी काही दाखवण्यासारखं आहे का, असं कुणी विचारलं आणि मी त्या जिनिंगवाल्याच्या मुलाखतीची डीव्हीडी देऊन टाकली. त्याला फोन केला नाही. होकार होता की त्याचा! कुणीतरी पडद्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढला, दोन मिनिटांचा. होळीच्या आत तो त्याच्या गल्लीत पोचला. घरमालकाने खोली रिकामी करायला लावली, मोठा भाऊ गावाहून आला. मग तो जिनिंगवाला रात्रीच्या गाडीने सुरतेला गेला एवढंच कळलं. नंबर बंद. मी तीनदा सुरतेला जाऊन आलो. उधना, लिंबायत, जिथे जिथे आपली खान्देशातली माणसं राहतात तिथे विचारत फिरलो. सापडला नाही.

त्याने हो म्हटलं ते २०१० मध्ये. मी ते वापरलं २०१४ मध्ये. मधल्या चार वर्षांत त्याची खोली बदलली होती, काम बदललं होतं, देशाचा कायदा उलटला होता, आणि मी मात्र त्याचं तेच एक वाक्य खिशात घालून फिरत होतो.

मग काय, गप्प बसायचं? असं तू विचारशील हे मला माहीत आहे. गप्प बसूनही मी चुकलोच आहे. शहाद्याकडे एक म्हातारे शिंपी होते, तरुणपणी फडात नाचलेले. २०११ मध्ये त्यांनी माझ्यासमोर दीड तास मन मोकळं केलं आणि शेवटी म्हणाले, "आते नको दखाडू." म्हणजे आता नको दाखवूस. मी कॅसेट पेटीत ठेवली आणि शब्द पाळला. ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने ते संबंध पुन्हा ३७७ कलमाबाहेर काढले. त्या दिवशी मी दुकानात शेजारपाजारच्यांना पेढे वाटले, कशाचे ते न सांगता. पण शहाद्याची एसटी धरली नाही. मोठा सज्जनपणा करतोय असंच वाटत होतं मला. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ते गेले. भाचीला भेटायला गेलो तर ती म्हणाली, मामा सारखे विचारायचे, तो कॅमेरावाला परत का आला नाही.

त्यांनी "आते नको" म्हटलं होतं. मी "नको" तेवढंच ऐकलं होतं. कॅसेटला आता बुरशी लागलीय. चाळीसेक मिनिटं निघतात, बाकी नुसते चौकोन.

म्हणून सांगतोय, होकार असेल तरी पुन्हा विचार आणि नकार असेल तरी पुन्हा विचार.

लोक म्हणतात, आप्पाने पंधरा वर्षांत एक फिल्म पुरी केली नाही. तूही मे महिन्यात आडवळणाने ते म्हणालीसच. सुरतेला गेलेला तो सोडला तर अकरापैकी चौघांचं मी दाखवलंय, जळगावात, धुळ्यात, दोनदा नाशिकला, आणि प्रत्येक वेळी त्या चौघांच्या घरी जाऊन आलोय. एकदा एक जण शेवटच्या क्षणी नको म्हणाला, तेव्हा तीस माणसं सतरंजीवर बसलेली असताना मी त्याच्या तुकड्याआधीच प्रोजेक्टर बंद केला. याला कुणी काम म्हणणार नाही. भ्यालो म्हणूनही असेल, ते मी नाकारत नाही. पण त्या चौघांपैकी कुणालाही गाव सोडावं लागलं नाही, आणि मला त्या तीस माणसांपेक्षा हे मोठं वाटतं. आजही वाटतं.

तू म्हणतेस, आप्पा, खान्देशात आपला इतिहासच नाही, म्हणून बाबांचं एकेक वाक्य राहिलं पाहिजे. इतिहास नाही हे कुणी सांगितलं तुला? मुंबईत १९९० मध्ये समलिंगी लोकांचं 'बॉम्बे दोस्त' हे नियतकालिक निघालं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट ही संस्था उभी राहिली, पुण्यात २००२ मध्ये समपथिक ही संस्था आली. त्यांचे अंक आहेत, फायली आहेत, म्हणून तो इतिहास तुला दिसतो. आपल्याकडचा माणसांच्या पेट्यांत आहे. धुळ्याला इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे, तिथे एकदा जाऊन बस. त्या माणसाने गावोगाव पायपीट करून लोकांच्या घरातली दप्तरं मिळवली. कुणी उघडून दिली, कुणी दारातूनच परत पाठवलं. दुसऱ्याच्या पेटीला हात लावायचा तर त्याच्या ओट्यावर बसून राहावं लागतं, हे काम तेव्हाही असंच होतं.

आणि कागदावर आपली माणसं सापडतात ती कशी, तेही बघ. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठीच होता. उत्तरेकडच्या प्रांतांत त्यांच्या नावानिशी याद्या झाल्या. यादीतला माणूस रस्त्यात बायकी कपड्यांत दिसला किंवा नाचला तरी वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. त्या रजिस्टरात नाव घालताना कुणी कुणाला विचारलं नव्हतं. तू आणि मी कॅमेरा घेऊन निघतो तेव्हा आपण त्याच्या उलटं काम करतोय, असं मी समजून चालतो. मग विचारल्याशिवाय नोंद कशी करायची?

दुसरी बाजूही आहे. भादली बुद्रुकच्या तृतीयपंथी अंजली पाटील यांचा महिला राखीव जागेवरचा अर्ज फेटाळला गेला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, अर्ज मंजूर करून घेतला आणि जानेवारी २०२१ मध्ये ग्रामपंचायतीवर निवडून आल्या. जळगावपासून हाकेच्या अंतरावर. त्यांनी स्वतः चारचौघांत उभं राहायचं ठरवलं. बाबांनी तसं ठरवलेलं नाही. दोघंही तुझ्या फिल्ममध्ये येऊ शकतात, पण दोघांना एका मापाने मोजू नकोस.

एक बारीक गोष्ट, पण मला फार खटकली. तुझ्या निवेदनात तू बाबांना 'गे कलावंत' म्हटलंयस. साडेचार तासांच्या फुटेजमध्ये त्यांनी तो शब्द एकदाही उच्चारलेला नाही. ते म्हणतात "मना पेटीवाला", माझा पेटीवाला. त्याहून नेमकं तुला काय हवंय? शिवाय फडातला प्रत्येक नाच्या तसाच, असं बघणारे धरून चालतील. कितीतरी जणांनी पोटासाठी लुगडं नेसलं आणि घरी बायकापोरं सांभाळली. शब्द कोणता घालायचा, हेही त्यांनाच विचार.

पैशाचंही विचार. 'पॅरिस इज बर्निंग' या न्यूयॉर्कमधल्या माहितीपटाचं तू मला इतकं कौतुक सांगितलंस. ती गाजल्यावर तिच्यातल्या माणसांनी हिशेब मागितला आणि शेवटी तेरा जणांत मिळून सुमारे ५५ हजार डॉलर वाटले गेले, हा भागही वाच. तुझ्या फॉर्ममध्ये बाबांनी काय काय द्यायचं ते सगळं आहे. त्यांना काय मिळणार याची एक ओळ नाही. आणि तो फॉर्म इंग्रजीत आहे, पोरी! पारोळ्याच्या पुढे इंग्रजी फॉर्म कुणासाठी नेलास?

आता तुझ्या आईचं. निशित सरन यांनी १९९९ च्या 'समर इन माय व्हेन्स'मध्ये कॅमेरा चालू ठेवून आपण समलिंगी असल्याचं आईला सांगितलं, तसं मीही सांगू का, असं तू विचारलंस. ती फिल्म पाहून मी रात्रभर झोपलो नव्हतो. तरीही सांगतो, असं करू नकोस. तुझी आई दुसऱ्या दिवशी त्याच भिशीला जाणार, त्याच नळावर उभी राहणार. ऐकताना तिचा चेहरा कसा होतो, हा तिचा खाजगी क्षण आहे. आधी कॅमेऱ्याशिवाय सांग. स्वयंपाकघरात, ती कळण्याची भाकरी थापत असताना सांगितलंस तर बरं, हात गुंतलेले असतात. मग महिना जाऊ दे, दोन जाऊ देत. मग विचार, आई, हे फिल्ममध्ये बोलशील का? नाही म्हणाली तर तुझी फिल्म तिच्याशिवाय होईल. झाली पाहिजे.

बाबांकडे जायचं ते असं जा. रविवारी कानबाई बसेल, सोमवारी विसर्जन. तेवढे दोन दिवस त्यांच्या घरी पाहुण्यांची गर्दी, तेव्हा जाऊ नकोस. मंगळवारी दुपारी जा, पुतण्या शेतात असताना. कॅमेरा माझ्या दुकानात ठेव. लॅपटॉप ने आणि त्यांचा जेवढा भाग आहे तेवढा सगळा दाखव, हात माइकवर जातो तो तुकडाही जोडून दाखव. हॉलमध्ये दाखवणं वेगळं, फेस्टिव्हल वेगळा, यूट्यूब वेगळं, हे त्यांना अहिराणीत सांग. एकदा मोबाइलवर गेलं की तूसुद्धा परत आणू शकणार नाहीस, हेही सांग, लपवू नकोस. नुसता आवाज ठेवू का, विचार. पाच वर्षांनी चालेल का, विचार. त्यांच्या माघारी चालेल का, तेही विचार. असल्या गोष्टी म्हातारी माणसं आपल्यापेक्षा सहज बोलतात. मग पेटीवाल्यांचा भाग त्यांच्यासमोर काढ आणि उरलेली फिल्म त्यांना पुन्हा दाखव. काढलेला भाग दोन हार्ड डिस्कवर ठेव, एक माझ्याकडे दे. माझ्या पेटीत नको, तिथे ओल आहे. मी कपाट घेतलंय.

तारीख चुकली तर चुकू दे. फेस्टिव्हल दरवर्षी येतात.

आणि मे महिन्यात तू माझीही मुलाखत घेतलीस, सव्वा तासाची. फॉर्मवर मी न वाचताच सही केली, तुझ्यावर जीव आहे म्हणून. त्या सव्वा तासात त्या सुरतेला गेलेल्या माणसाचं नाव नाही, डीव्हीडीचं नाव नाही, मी शहाण्यासारखा बोलत राहिलोय. तो आप्पा मला लोकांना दाखवायचा आहे की नाही, हे मला आज सांगता येत नाही. बाबांकडून आलीस की दुकानात ये, आणि मलाही पुन्हा विचार.

तुझा,
आप्पा