विचारा तर खरं : आमच्यामागे याचं काय?

*ताई, माझा मुलगा येत्या मे महिन्यात १८ वर्षांचा होईल. बौद्धिक अक्षमता आहे, दाखल्यावर ७५ टक्के लिहिलंय. आम्ही चिपळूण तालुक्यातल्या एका वाडीत राहतो, मिस्टर एसटीत कंडक्टर आहेत. परवा बँकेत म्हणाले, मुलगा सज्ञान झाला की तुमची सही चालणार नाही, कोर्टाचा कागद आणा. मी त्याची आई, आणि मी कोण हे कोर्ट सांगणार? शाळाही १८ ला संपते. दीर म्हणतात, काळजी करू नका, आम्ही आहोत. आणखी एक विचारते, हसू नका. भाचीचं लग्न आहे, दोन दिवस एकटीनं माहेरी जावंसं वाटतं. याला कुणाकडे ठेवू? — एक आई*

बँकेचं अर्धंच बरोबर आहे. १८ पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी तुमचा मुलगा सज्ञान, आणि आईबापांचं पालकत्व आपोआप पुढे चालत नाही. विशेष शाळेतल्या माझ्या नोकरीत या एका गोष्टीला अडखळलेले पालक मी सतत पाहिले. पण त्यासाठी कोर्टात जायला नको. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी जिल्ह्यात 'स्थानिक स्तर समिती' असते. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष. दोघा नवराबायकोनं मिळून तिच्याकडे अर्ज करा. समिती कायदेशीर पालकत्वाचं प्रमाणपत्र देते, आणि ते खातं उघडायला-चालवायला ग्राह्य धरा, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना कळवलेलं आहे. मॅनेजरसाहेबांना माहीत नसेल तर शांतपणे लेखी मागा : हे प्रमाणपत्र चालत नाही असं लिहून द्या. सहसा लिहून देत नाहीत, खातं चालू होतं.

त्याआधी एक काम. बौद्धिक अक्षमतेचा लहानपणी मिळालेला दाखला कायमचा नसतो. ५, १० आणि १८ या वयांना पुन्हा तपासणी होते, आणि १८ व्या वर्षी मिळतो तो आयुष्यभर चालतो. म्हणून मे महिना उलटला की आधी वैद्यकीय मंडळ, मग समिती. जुन्या दाखल्यावर अर्ज केलात तर फाइल तुमच्यासकट परत येईल. युडीआयडी कार्डावरची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्रावरची) जन्मतारीख आणि आधारवरची एकच आहे ना, हे आज रात्रीच बघून घ्या.

पालक झालात की मुलाच्या नावावर काय आहे याची यादी सहा महिन्यांत द्यायची, आणि आर्थिक वर्ष संपलं की तीन महिन्यांत हिशेब. घाबरू नका. माझ्या धाकट्या भावाला डाऊन सिंड्रोम आहे, आईवडिलांनंतर त्याची पालक मीच. त्याच्या वडापावापर्यंतचा खर्च मी वहीत लिहिते. समितीला पाठवताना वडापाव गाळते, एवढंच.

आता मिस्टरांचं. एसटीतल्या सवलती त्यांना मी काय सांगणार, रोज तिकीट फाडतात ते! पण त्यांच्या पीएफबरोबर जी पेन्शन योजना आहे, ईपीएस-९५, तिच्यात पूर्ण आणि कायम अपंग असलेल्या अपत्याला वडिलांच्या पश्चात वयाची अट न ठेवता पेन्शन मिळते. ती आपोआप सुरू होत नाही, म्हणून डेपोत आत्ताच बघून घ्या की कुटुंबाच्या तपशिलात मुलाचं नाव आणि त्याचं अपंगत्व दोन्ही नोंदलंय. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाची उत्पन्नमर्यादा वर्षाला ५०,००० रुपये आहे, तुम्ही त्यात बसणार नाही, तहसीलच्या खेपा वाचवा. त्यापेक्षा ग्रामसभेत उठून विचारा, ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात, ते गेल्या वर्षी कशावर खर्च झाले? हा प्रश्न बायका विचारतात तेव्हा ग्रामसेवकाला वही उघडावी लागते.

शाळेनंतर संरक्षित कार्यशाळा, म्हणजे अशा मुलांना देखरेखीखाली झेपेल ते काम देणारी जागा, हा मार्ग आहे, पण त्या तालुक्यागणिक नाहीत. जवळ नसेल तर निवासी संस्थेचा विचार करताना लाज बाळगू नका. बदलापूरची 'आधार' ही संस्था अशा मुलांच्या पालकांनीच एकत्र येऊन उभी केली. मुलाला 'टाकलं' म्हणणारे नातेवाईक एक रात्रसुद्धा त्याच्या उशाशी बसत नाहीत.

यावरूनच दिरांकडे येते. 'आम्ही आहोत' हे ते मनापासून म्हणत असतील. मग लग्नाचे दोन दिवस मुलगा त्यांच्याकडेच ठेवा. गोळ्या कधी, जेवताना काय लागतं, चिडला तर काय करायचं, हे एका कागदावर लिहून द्या आणि खुशाल जा. जाऊबाईंनाही आधी विचारा, कारण दीर शब्द देतात तेव्हा ताट त्या वाढणार असतात. परत आल्यावर मुलाचं वजन नाही, चेहरा बघा. जमलं असेल तर वर्षातून तीनचारदा असं करा, आणि तुमच्यानंतर पालक कोण याचा विचार त्यानंतरच. जमलं नसेल तर तेही आत्ता कळलेलं बरं. तुमच्या शाळेतल्या आणखी दोनतीन आयांना गाठून आळीपाळीनं मुलं सांभाळायचंही ठरवता येईल. सरकारी योजनेत माहेरपण बसत नाही, ते असं आपलं आपणच जमवायचं.

*नात सहा वर्षांची आहे, स्वमग्न आहे. घराजवळच्या शाळेनं सांगितलं, "आमच्याकडे सोय नाही, स्पेशल शाळेत घाला." सुनेनं नोकरी सोडली, रडत असते. मी निवृत्त माणूस, धावपळ करू शकतो. कुठे धावू? — आजोबा, सांगली*

आजोबा, तुमच्यासारखे आजोबा मिळाले तर माझं निम्मं सदर बंद पडेल. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मधलं कलम ३१ वाचा. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला परिसरातल्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क आहे. निवड पालकांची, मुख्याध्यापकांची नाही. दाखला नसेल तर आधी तो काढा. मग प्रवेशाचा अर्ज द्या, पोच घ्या, नकार लेखी मागा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात 'समग्र शिक्षा' या सरकारी शालेय योजनेचे विशेष शिक्षक असतात, त्यांना सोबत घेऊन गेलात तर शाळेचा सूर बदलतो, कारण खरी अडचण बहुधा बाईंना 'हिला शिकवू कसं' हे माहीत नसण्याची असते. तरीही नाहीच म्हणाले तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार.

राष्ट्रीय न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना घ्या. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, थेरपीचा खर्चही त्यात येतो, विम्याआधी तपासणी नाही. नूतनीकरण दर वर्षी करावं लागतं आणि तेच लोक विसरतात, ते काम तुमच्याकडे घ्या. आणि आठवड्यातल्या दोन दुपारी नातीला तुम्हीच थेरपीला न्या. सून त्या वेळात झोपेल किंवा नोकरी शोधेल, तिचं ती ठरवेल.

*मी २६ वर्षांची, नाशिकला असते. धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आणि बौद्धिक अक्षमताही आहे. स्थळं येतात. आई म्हणते, पहिल्या भेटीत भावाचं बोलू नकोस. एका ठिकाणी नंतर कळलं तर त्यांनी विचारलं, "म्हणजे पुढे तो आमच्याकडे येणार का?" काय उत्तर द्यायला हवं होतं? — बहीण*

पहिल्या भेटीतच सांगायचं. फोटो-पत्रिका जाते त्या कागदावर 'एक भाऊ, दिव्यांग' असं लिहा. स्थळं कमी येतील. जी गळतील ती नंतर गळण्यापेक्षा आत्ता गळू द्या. मी हे केलं, आणि ज्यांनी कागद वाचून भावाबद्दल एकही प्रश्न विचारला नाही त्यांनाही मी नाही म्हटलं. प्रश्न विचारणारा माणूस निदान विचार करत असतो. त्यामुळे त्या लोकांवर फार रागावू नका, त्यांचा प्रश्न वाईट नव्हता. उत्तर तयार नव्हतं, आणि ते तुमच्या आईबाबांनी तयार करायचं आहे.

तुम्ही लिहिलंय की बाबा राज्य सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. मग आईबाबांच्या पश्चात, स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. मात्र नाव बाबांच्या हयातीतच नोंदलेलं असलं तर सोपं जातं, नंतर बहिणींना कार्यालयांचे उंबरे झिजवावे लागतात. ज्या कार्यालयातून ते निवृत्त झाले तिथे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या दाखल्यासह अर्ज द्यायला सांगा. राहतं घर कुणाच्या नावावर करायचं तेही त्यांनी मृत्युपत्रात लिहावं, जमल्यास भावासाठी खासगी न्यास (ट्रस्ट) करून, म्हणजे घर त्याच्या उपयोगी पडेल आणि विकायला कुणी सही घ्यायला येणार नाही. पालक म्हणून तुमचं नाव लावायचं की काकांचं, हे तुमच्यासमोर बोला म्हणावं, तुमच्या पाठीमागे नाही. तुम्हाला 'हो' म्हणायचं असेल तर म्हणा, 'आत्ता नाही' म्हणायचं असेल तर तेही म्हणा. बहीण आहात म्हणून सही गृहीत धरता येत नाही.