नकार की आढेवेढे?

अमेरिकेत नाताळच्या दिवसांत हमखास वाजणाऱ्या ‘बेबी, इट्स कोल्ड आउटसाइड’ या द्वंद्वगीतावर लिहिताना त्यातील स्त्री ‘आढेवेढे घेते’ असे म्हणावे की ‘नकार देते’, अशी विचारणा एका वाचकाने केली आहे. माझ्या मते यांपैकी एक शब्द निवडला की त्या गीतावरील वादात (त्यातला पुरुष स्त्रीवर दबाव आणतो की ती दोघांची लाडीगोडी आहे?) आपली बाजूही ठरून जाते.

फ्रँक लेसर यांनी १९४४ मध्ये पत्नीसह घरच्या मेजवानीत गाण्यासाठी हे गीत रचले आणि १९४९ च्या चित्रपटात आल्यावर त्याला ऑस्करही मिळाले. (गीतात नाताळचा उल्लेख नाही, आहे ती फक्त थंडी.) पाहुणी निघू पाहते, यजमान थंडीचे निमित्त पुढे करून तिला थांबवत राहतो. आई काळजी करेल, वडील येरझाऱ्या घालत असतील, शेजारी काय म्हणतील, अशी तिची बहुतेक कारणे लोकलाजेची आहेत. त्या काळच्या अविवाहित स्त्रीला राहण्याची इच्छा उघड बोलता येत नव्हती, हे समर्थकांचे म्हणणे मला पटते. तेवढ्यापुरते ‘आढेवेढे’ शोभते. परंतु पुढे ‘उत्तर नाही असेच आहे’ अशा अर्थाचे वाक्य ती स्पष्टपणे उच्चारते आणि पेयात काय घातले आहे, असेही विचारते. २०१८ मध्ये क्लीव्हलँडच्या एका रेडिओ केंद्राने हे गीत वाजवणे थांबवले, ते अशाच ओळींमुळे.

‘आढेवेढे’ या शब्दाचा स्वभाव इथे नीट पाहायला हवा. पंगतीत जिलबी नको म्हणणाऱ्याच्या मनात ती हवीच आहे, असे वाढणारा गृहीत धरतो, तेव्हा तो हा शब्द वापरतो. ‘मी आत्ता आढेवेढे घेत आहे’ असे स्वतःविषयी सहसा कोणी म्हणत नाही. म्हणजे हा शब्द बोलणाऱ्याचा नसून ऐकणाऱ्याचा आहे, आणि अखेरचा होकार त्याने आधीच मोजून ठेवलेला असतो. ‘नकार’ मात्र देणाऱ्याचाच असतो.

या वादाच्या मुळाशी असलेल्या ‘कन्सेंट’साठी लेखात ‘परवानगी’ न वापरता ‘संमती’ हा शब्दच वापरावा. १८९१ च्या संमतिवयाच्या (मुलींच्या शरीरसंबंधाच्या संमतीचे वय वाढवणाऱ्या कायद्याच्या) वादापासून तो मराठीत या अर्थाने रुळला आहे, आणि त्यातील ‘मन्’ (विचार करणे, मानणे) हा धातू ज्याच्या त्याच्या मनाकडे बोट दाखवतो. लेखात सुरुवातीच्या ओळींसाठी ‘ती निघायची कारणे सांगते’ एवढेच लिहावे आणि ‘उत्तर नाही असेच आहे’ या ओळीपाशी ‘नकार देते’ असे लिहावे.