शिवोलीतली जुनी फायबरची होडी: ग्राइंडर लावण्याआधी काय बघाल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गोव्यात शिवोलीला मामांच्या आवारात माडांखाली सतरा-अठरा फुटी फायबरची मासेमारीची होडी कित्येक पावसाळे उघड्यावर पडून आहे. ऐंशीच्या दशकातली असावी असं घरचे म्हणतात, पण कागद सापडत नाहीत. ती कुठली, कधीची, हे शोधायचंय आणि तिला परत पाण्यात उतरवायचंय. गावातल्या एकाने सल्ला दिलाय की सगळी घासा, आतून-बाहेरून नवी मॅट (काचतंतूंची चटई, रेझिनमध्ये, म्हणजे घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात, भिजवून) मारा, काम संपलं.

कृपा करून तसं करू नका. मी पणजीसमोरच्या बेतीला राहतो, जुन्या फायबरच्या होड्या दुरुस्त करणं हेच माझं काम आहे, आणि या 'सरसकट मॅट' प्रकाराने चांगल्या होड्या वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत. जुन्या रंगावर नवी मॅट धरत नाही, आत मुरलेलं पाणी कायमचं कोंडतं, वजन वाढतं आणि होडी पाण्यात खाली बसते. शिवाय तुम्हाला जो इतिहास हवाय तो बराचसा तिच्या अंगावरच आहे. ग्राइंडर फिरला की तो धूळ होऊन जातो. म्हणून शोध आधी, दुरुस्ती नंतर.

काळोख पडल्यावर टॉर्च घेऊन जा. तो नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, बाजूला अगदी चिकटवून तिरपा धरा. दिवसा न दिसणारी जुनी अक्षरं सावलीमुळे उठून दिसतात. आपल्याकडे होडी विकली की नाव बदलतं, 'सेंट अँथनी'ची 'शांतादुर्गा' होते किंवा उलट, पण ब्रशने काढलेल्या अक्षराची जाड कड पुढच्या रंगाखालीही टिकते. नोंदणीचा नंबरही असाच सापडतो. फोटो काढा आणि वर पातळ कागद धरून पेन्सिलने छाप घ्या. मग काठाची रबरी पट्टी एका जागी सोडवा. तिच्याखाली ऊन पोचलेलं नसतं, त्यामुळे जेलकोटचा (फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थराचा) मूळ रंग तिथे जसाच्या तसा मिळतो. रंग जाड आहे तिथे ओला वॉटर पेपर (पाण्यात चालणारा पॉलिश पेपर) हाताने घासून रुपयाएवढी जागा मोकळी करा. कांद्यासारखे एकेक थर कड्यांनी उघडतात. कुठल्या रंगावर कुठला रंग चढला ते लिहून ठेवा. घरातल्या जुन्या फोटोत ती होडी कोणत्या काळात दिसते, हे त्यावरून जुळवता येतं.

फोटोंवरून आठवलं. तुम्ही शिवोलीचे आहात हे तुमचं नशीब. २४ जूनच्या सांजावला, म्हणजे सेंट जॉनच्या सणाला, शिवोलीच्या नदीत सजवलेल्या होड्यांची मिरवणूक निघते. तेव्हा पावसाळ्यामुळे मासेमारी बहुतेक बंद असते, त्यामुळे आसपासच्या वाड्यांवरच्या होड्या मोकळ्या असतात. ओळखीच्या घरांमधले सांजावचे जुने अल्बम मागून बघा. एका फोटोत तुमची नाळ दिसली तरी वर्ष आणि नाव दोन्ही हाती लागू शकतं.

आता बाहेरून तळावर हात फिरवा, डोळे मिटून फिरवलात तर उत्तमच. नाळेपासून मागेपर्यंत लांबच लांब हलक्या कडा बोटांना लागल्या, तर साचा लाकडी होडीवरून काढलेला आहे आणि त्या कडा म्हणजे मूळ फळ्यांचे सांधे. म्हणजे ज्या सुताराने ती लाकडी होडी बांधली त्याची ठेवण तुमच्या फायबरमध्ये उतरली आहे. जवळच्या चापोऱ्याच्या धक्क्यावरच्या म्हाताऱ्या तांडेलांना (होडी चालवणाऱ्या प्रमुखांना) होडी दाखवा. नाळेचा कल आणि पोटाची रुंदी बघून धाटणी कुठली, हे ते सांगू शकतात. हा पुरावा मला कागदाइतकाच मोलाचा वाटतो. होडी परदेशातून आलेली असेल अशी शंका आली, तर मागच्या फळीच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बघा. नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत बनलेल्या होड्यांवर तिथे बारा अक्षर-अंकांचा क्रमांक असतो.

कागदांसाठी मामांची ट्रंक उपसा: इंजिनाचं बिल, सवलतीचे अर्ज, काहीही. सरकारी कागदावर 'गोवा, दमण व दीव' असं छापलेलं असेल तर तो बहुधा ३० मे १९८७ च्या आधीचा, कारण त्या दिवशी गोवा वेगळं राज्य झालं. नंबर सापडला की तो घेऊन पणजीला जा. मासेमारीच्या होडीसाठी मत्स्योद्योग खातं. नदीत प्रवासी किंवा पर्यटक फिरवण्यासाठी वापरली गेली असेल तर कॅप्टन ऑफ पोर्ट्स, म्हणजे बंदर खातं. पुढे ती मासेमारीला लावायची असेल तर नोंदणी लागणारच, तेव्हा त्याच खेपेत तेही विचारून घ्या.

मग तब्येत तपासा. छोटी प्लास्टिकची हातोडी घेऊन सगळं बूड टिचभर अंतराने ठोकत जा. धड जागी आवाज टणक येतो, थर सुटले असतील तिथे भद्द. प्रत्येक भद्द जागेभोवती खडूने गोल करा. जेलकोटवर फोड असतील तर डोळ्यांवर गॉगल लावून एक फोडा. आतून चिकट, व्हिनेगरसारख्या आंबूस वासाचं पाणी आलं तर पाणी थरांत मुरलं आहे. होडीत साचलेलं पावसाचं पाणी याबाबतीत समुद्रापेक्षा वाईट, गोड्या पाण्यात हे फोड लवकर येतात.

खरा निकाल मात्र मागची फळी, म्हणजे ट्रान्सम, लावते. तिच्या पोटात प्लायवुड असतं आणि इंजिनाच्या बोल्टांच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं. आतल्या बाजूने, खालच्या भागात, बारीक ड्रिलने भोक पाडा आणि भुसा हातावर घ्या. कोरडा, फिकट भुसा आला तर भाग्य. काळा, ओला, कुबट आला तर प्लाय बदलावंच लागेल. ते आतून काढा, बाहेरची फायबरची कातडी शाबूत ठेवा, म्हणजे आकारही राहतो आणि वरचा जुना नंबरही. नवीन प्लाय आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लायच हवं. बाकांखालचा फोमही एका जागी कापून दाबून बघा. पाणी पिळून निघालं तर सगळा काढा, तो होडीला तरंगवत नाही, बुडवतो.

त्यानंतर धीर धरा. गोड्या पाण्याने मीठ पुन्हा पुन्हा धुऊन काढा, झावळ्यांचा मांडव घाला आणि होडी वाळू द्या. वाळली की नाही हे बघायला प्लास्टिकचा चौकोन चारी कडांनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव दिसलं तर अजून थांबा. पावसाळ्यात थर टाकायचे नाहीत, हवेतली ओल रेझिनला नीट धरू देत नाही. आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम. एप्रिल-मेमध्ये करायचंच असेल तर पहाटे, सावलीत आणि थोडं थोडं रेझिन कालवून, नाहीतर ते डब्यातच गोठतं.

भोक किंवा तडा बुजवताना कडा जाडीच्या बारापट उतरत्या घासा. सहा मिलिमीटर जाडी असेल तर सगळीकडून सात सेंटिमीटर उतार. जुन्या-नव्याची पकड त्या उतारावरच असते. पहिला थर मॅटचा, मग रोव्हिंग (जाड विणीचं काचकापड), मग परत मॅट. मॅटला तिच्या वजनाच्या दुप्पट-अडीचपट रेझिन लागतं, रोव्हिंगला साधारण वजनाइतकंच. जास्त ओतलं की थर ठिसूळ होतो. दुकानात साधं 'जीपी' (जनरल पर्पज) रेझिन पुढे करतील, तुम्ही 'आयसो' (आयसोफ्थॅलिक) मागा, पाण्यात ते जास्त टिकतं. इपॉक्सी हे वेगळ्या जातीचं रेझिन जुन्या फायबरला आणखी घट्ट धरतं, पण त्याच्यावर जेलकोटचा भरवसा नाही, तिथे पीयू (पॉलियुरेथेन) पेंट मारावा लागतो.

एक गोष्ट जिवाची आहे. रेझिन घट्ट होण्यासाठी त्यात कोबाल्ट (वेग वाढवणारं द्रव) आणि हार्डनर घालतात. ही दोन कधीही थेट एकत्र करू नका, स्फोट होऊ शकतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण कालवायचा, हार्डनर त्यानंतर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते. घासताना चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. बुडाला जुना शेवाळ-कालवं रोखणारा रंग असेल तर तो ओलाच घासा आणि गाळ ताडपत्रीवर गोळा करा. त्यात तांबं असतं, जुन्या रंगांत कथिलाचं विषारी संयुगही असू शकतं, आणि खाली नदीत लोक तिसऱ्या काढतात.

पाण्यात पहिल्यांदा उतरवाल तेव्हा इंजीन चढवू नका. त्याच्या वजनाच्या वाळूच्या गोण्या मागे ठेवा, काठाजवळ बांधून भरती-ओहोटीचं एक चक्र जाऊ द्या आणि मग बाकांखाली बघा. पाणी दिसलं तर बोट बुडवून जिभेला लावा. खारट लागलं तर बाहेरून गळतंय. गोडं लागलं तर आत कोंडलेलं पावसाचं पाणी अजून झिरपतंय, होडी परत मांडवाखाली घ्या आणि आणखी वाळू द्या.